मनाचा उतार : ‘इन्क्लाइन्ड’ या विशेषणाचा अर्थ आणि वापर

इंग्रजीतले ‘इन्क्लाइन्ड’ हे विशेषण जमिनीला, भिंतीला, फळीला लागते. माणसाच्या मनालाही ते लागते. जे ताठ उभे नाही आणि पुरते आडवेही नाही, एका अंगाला झुकलेले आहे, ते इन्क्लाइन्ड. हमाल ज्या तिरप्या फळीवरून पोती ट्रकमध्ये चढवतात, तिला शाळेच्या विज्ञानात ‘उतरण’ म्हणतात आणि तिचे इंग्रजी नाव ‘इन्क्लाइन्ड प्लेन’. मनाबद्दल बोलतानाही चित्र हेच असते. मन एखाद्या गोष्टीपाशी जाऊन पोचलेले नसते, पण त्या बाजूला कललेले असते. मराठीत यासाठी ‘कल’ हा शब्द आहे आणि तोही त्याच चित्रातून आला आहे. दिवस कलतो, पारडे कलते, कांद्याची पोती एका बाजूला जास्त भरली की ट्रक कलतो, तसे मन कलते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता मनाला उतारावर ठेवले, म्हणून मराठी वाचकाला हा इंग्रजी शब्द समजायला सोपा जातो. वापरायला मात्र तितका सोपा नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘इन्क्लिनारे’ या क्रियापदात आहे; अर्थ, एखाद्या दिशेला वाकवणे किंवा वाकणे. त्यामागचा प्राचीन इंडो-युरोपीय धातू फार पसरलेला आहे. ग्रीकमध्ये त्यापासून ‘क्लिने’, म्हणजे रेलून पडायची खाट, आणि आजाऱ्याच्या खाटेवरून आजचे ‘क्लिनिक’. ‘क्लायमेट’ हा हवामानाचा शब्दही मुळात पृथ्वीच्या कलण्याचा, उताराचा. संस्कृतात हाच धातू ‘श्रि’ या रूपात आहे : टेकणे, आधार घेणे. ‘आश्रय’ आणि ‘आश्रित’ त्याचेच. शिडीला जुन्या मराठीत आणि काही बोलींत ‘निसण’ म्हणतात. ते संस्कृत ‘निःश्रेणी’वरून आले, आणि शिडीचा इंग्रजी ‘लॅडर’ हाही त्याच कुळातला. शिडी भिंतीला टेकवल्याशिवाय उपयोगाची नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना शब्द घडवताना दिसले असणार. थोडक्यात, ‘इन्क्लाइन्ड’ आणि ‘आश्रय’ हे दूरचे भाऊबंद आहेत. ‘कल’ मात्र या भावकीत धरता येत नाही. त्याचे साम्य अर्थाचे आहे, रक्ताचे नाही.

मनाच्या बाबतीत हे विशेषण दोन वेगळ्या अर्थांनी येते आणि गोंधळ होतो तो इथेच. पहिला अर्थ स्वभावाचा. ‘ही इज इन्क्लाइन्ड टु वरी’ म्हणजे तो काळजी करणारा आहे. आजच नव्हे, एरवीही. दुसरा अर्थ त्या क्षणापुरत्या इच्छेचा किंवा मताचा. ‘आय ॲम इन्क्लाइन्ड टु अग्री’ म्हणजे आपले म्हणणे मला पटू लागले आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातल्या वडूजच्या बाजारात कोणी ‘तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय’ म्हणतो, तेव्हा तो अजून होकार देत नसतो, पण त्याचे मन वळलेले असते. इंग्रजीत एवढ्यासाठी एक विशेषण लागते, मराठीत ‘दिसतंय’ किंवा ‘वाटतंय’ एवढ्यावर भागते. दोन्ही अर्थांत या विशेषणानंतर ‘टु’ आणि क्रियापदाचे मूळ रूप येते. नाम जोडायचे असेल तर ‘टु’ किंवा ‘टुवर्ड्‌स’. ‘इन्क्लाइन्ड फॉर’ असे लिहिले की ते चुकले. मराठीतल्या ‘साठी’ची सवय हाताला असल्यामुळे ही चूक वारंवार होते.

स्वभावाचा अर्थ सांगताना आधी क्रियाविशेषण लावण्याची एक सोयीची पद्धत आहे. ‘मॅथेमॅटिकली इन्क्लाइन्ड’ म्हणजे गणिताकडे ओढा असलेला, ‘म्यूझिकली इन्क्लाइन्ड’ म्हणजे गाण्याबजावण्यात मन रमणारा. इथे कौशल्याची हमी नसते. औंधच्या भवानी चित्रसंग्रहालयात तासन्‌तास रमणारा मुलगा ‘आर्टिस्टिकली इन्क्लाइन्ड’ असतो, त्याचा हात चित्रात चालत नसला तरी. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्याबाबत हे विशेषण अपुरे पडते, तिथे सरळ ‘आर्टिस्ट’ म्हणावे. ‘इफ यू आर सो इन्क्लाइन्ड’ हा आणखी एक ठरीव प्रयोग. त्याचा अर्थ ‘मनात असेल तर’. तो सभ्य आहे, पण सुरात किंचित तिरकसपणा आला की ‘हौस असेल तर करा बापडे’ असा अर्थ होतो. ऐकणाऱ्याने सूर ओळखायचा असतो.

मराठीत हेच सांगायचे तर वाक्याची बांधणीच बदलते, आणि भाषांतराची खरी अडचण तीच आहे. इंग्रजी वाक्यात माणूस कर्ता आणि त्याला चिकटलेले विशेषण. मराठीत माणूस बहुधा बाजूला सरतो आणि मन, कल, ओढा किंवा जीव पुढे येतो : त्याचा कल शेतीकडे आहे, तिचा ओढा माहेराकडे, माझे मन घेत नाही, पोराचा जीव शाळेत रमत नाही. किंवा माणसाला ‘ला’ लागतो आणि क्रियापद ‘वेसे’ धारण करते : मला जावेसे वाटते, त्याला बोलावेसे वाटेना. ‘आय डोन्ट फील इन्क्लाइन्ड टु गो’ याचे ‘मी जाण्यास प्रवृत्त वाटत नाही’ असे भाषांतर करणाऱ्याने व्याकरण सांभाळले पण मराठी सोडली. ‘जावंसं वाटत नाही’ एवढे पुरे होते. खटाव-माणच्या बोलीत तर ‘मन व्हईना’ या दोन शब्दांत काम होते.

विशेषणच हवे असेल तर मराठीपाशी एक जुने आणि झकास साधन आहे, त्याची आठवण मात्र कमी जणांना होते : ‘आळू’ हा प्रत्यय. विसराळू, झोपाळू, लाजाळू, दयाळू, कष्टाळू. ‘इन्क्लाइन्ड टु फर्गेट’ला विसराळूइतका नेमका प्रतिशब्द नाही. हा प्रत्यय संस्कृतातल्या ‘आलु’चा वंशज आहे, आणि पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा विचार नेमक्या याच प्रश्नाच्या संदर्भात केला आहे. एखादी क्रिया करण्याचे ज्याचे शीलच आहे, ती ज्याचा धर्म आहे किंवा जो ती उत्तम करतो, अशा कर्त्यासाठी कोणते प्रत्यय लागतात, याचे एक स्वतंत्र प्रकरण तिथे आहे. त्यात दयालु, निद्रालु, श्रद्धालु यांच्यासोबत ‘पतयालु’ असाही शब्द सिद्ध होतो : पडण्याकडे कल असलेला. आज तो प्रचारात नाही. दारूच्या गुत्त्यावरून परतणाऱ्यासाठी तो राखून ठेवायला हरकत नव्हती. दुसरा प्रत्यय ‘खोर’, फारसीतून आलेला, मूळ अर्थ खाणारा. भांडखोर, चुगलखोर, हरामखोर. ‘आळू’ला बरेवाईट दोन्ही चालते, ‘खोर’ बहुतेक वाईटापाशीच जातो. इंग्रजीत असाच भेद ‘इन्क्लाइन्ड’ आणि ‘प्रोन’ यांच्यात आहे.

‘प्रोन’ हा शब्द खटाव तालुक्याने सरकारी कागदांवर पुष्कळ पाहिला आहे, फक्त मराठी वेषात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून पूर्वेला येईपर्यंत रिते होतात आणि माण-खटावच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. केंद्र सरकारने १९७३-७४ मध्ये जो ‘ड्राउट प्रोन एरियाज प्रोग्रॅम’ सुरू केला, त्याच्या मराठी नावात ‘अवर्षणप्रवण क्षेत्र’ असे शब्द आले, आणि ‘प्रवण’ हा पोथीतला शब्द तालुक्याच्या कचेरीत येऊन बसला. भाषांतरकार कोणीही असो, त्याची निवड अचूक होती. ‘प्रवण’ म्हणजे संस्कृतात उतार, उतरती जागा. लॅटिन ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे झुकलेला. दोन्हीच्या आरंभी ‘पुढे’ या अर्थाचा एकच प्राचीन उपसर्ग आहे : संस्कृतात ‘प्र’, लॅटिनमध्ये ‘प्रो’. उताराच्या कल्पनेतून निघालेला शब्द उताराच्याच शब्दाने मराठीत आला.

पण ‘प्रोन’ आणि ‘इन्क्लाइन्ड’ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘प्रोन’ नकोशा गोष्टींसाठी : अपघात, चुका, सर्दीपडसे, पूर, दुष्काळ. त्यात इच्छेचा अंश नसतो, म्हणून तो रस्त्याला आणि जमिनीलाही लागतो. अपघातप्रवण वळणाला मन नसते. ‘इन्क्लाइन्ड’ला मनाच्या अर्थाने वापरायचे तर इच्छा असलेला कोणीतरी पाहिजे. ‘प्रोन’चा शरीराविषयी एक वेगळा अर्थ आहे, पालथा पडलेला, करोनाच्या काळात रुग्णांना पालथे झोपवण्याच्या उपचारामुळे तो अनेकांच्या कानांवर गेला. मराठीत मात्र पालथेपणा मनाला लागला की उलट अर्थ निघतो. पालथ्या घड्यावर पाणी ओतले तर आत काहीच जात नाही. तिथे कल नसतो, नकार असतो.

या शेजारातले आणखी काही शब्द थोडक्यात. ‘लायबल’मध्ये परिणामाची किंवा कायद्याच्या जबाबदारीची छटा असते. ‘ॲप्ट’ सवय सांगतो आणि कधी चपखलपणाही. ‘डिस्पोज्ड’ हा ‘इन्क्लाइन्ड’चा सर्वांत जवळचा सोबती, थोडा अधिक औपचारिक, ‘वेल डिस्पोज्ड’ म्हणजे मनात सद्‌भाव बाळगणारा, कचेरीच्या मराठीत ‘अनुकूल’. ‘मायंडेड’ हा शब्द समासात राहतो : ‘लाइक-मायंडेड’ समविचारी, ‘नॅरो-मायंडेड’ कोत्या मनाचा. ‘बायस्ड’ हाही तिरपेपणाचाच शब्द आहे. कापडावर सरळ न बेतता तिरके बेतणे म्हणजे ‘बायस’, शिंप्याच्या भाषेत उरेब. पण कल आणि पूर्वग्रह यांत अंतर आहे. कल असलेला माणूस दुसरी बाजू ऐकायला मोकळा असतो, बायस्ड माणसाचे कापड आधीच कापून झालेले असते.

‘इन्क्लाइन्ड’ शब्दात जोर किती, हे कळायला मराठीतली एक जोडी उपयोगी पडते : कल आणि कौल. मतमोजणीच्या दिवशी सकाळी वाहिन्यांवर ‘कल’ येऊ लागतात. कोण किती जागांवर पुढे. ते दुपारपर्यंत फिरू शकतात, आणि ज्यांनी सकाळीच गुलाल आणून ठेवलेला असतो त्यांची पंचाईत होते. शेवटी लागतो तो जनतेचा ‘कौल’. हा शब्द अरबीतून आलेला, वचन या अर्थाचा; देवाला कौल लावतात तोही हाच. कौल मिळाला की बदलत नाही. ‘इन्क्लाइन्ड’ हा कलाचा शब्द आहे, कौलाचा नव्हे. त्याच्या वर इंग्रजीत ‘विलिंग’ म्हणजे राजी, त्याच्या वर ‘ईगर’ म्हणजे उत्सुक, आणि सर्वांत वर ‘डिटर्मिन्ड’ म्हणजे निश्चय केलेला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर स्वातंत्र्यलढ्यातला मोर्चा गेला, त्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. त्या दिवशी येरळा नदीकाठी आलेल्या गावोगावच्या लोकांचा स्वातंत्र्याकडे ‘कल होता’ असे कोणी लिहिले तर व्याकरण बरोबर असूनही वाक्य खोटे होईल. तिथे ‘डिटर्मिन्ड’च हवा.

होकारात असा मऊ असलेला हा शब्द नकारात मात्र दगड होतो. भारतातल्या न्यायालयांच्या इंग्रजी आदेशांत ‘वुई आर नॉट इन्क्लाइन्ड टु इंटरफिअर’ हे वाक्य नेहमी भेटते. शब्दशः त्याचा अर्थ ‘हस्तक्षेप करण्याकडे आमचा कल नाही’. नव्या पक्षकाराला वाटते, अजून थोडे समजावले तर कल वळेल. वकिलाला मात्र कळलेले असते की अर्ज फेटाळला गेला. सौम्य शब्दांत पक्का नकार देणे ही कचेरीच्या इंग्रजीची जुनी चाल आहे, आणि मराठीत तिची बरोबरी ‘हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही’ हे वाक्य करते. याउलट युक्तिवाद चालू असताना न्यायमूर्ती ‘वुई आर इन्क्लाइन्ड टु ग्रँट टाइम’ म्हणाले, तर त्यात अजून हातभर जागा शिल्लक असते. ‘डिसइन्क्लाइन्ड’ हे उलट रूपही आहे. ते ‘अनविलिंग’पेक्षा हलके, नाखूश, पण अडून न बसलेला.

या विशेषणाची आणखी एक मर्यादा खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात चांगली समजते. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. विटा आणि आसपासच्या गावांची त्यासाठी ख्याती आहे. यातला पहिला माणूस गावाबाहेर पडला, तो पाऊस नव्हता म्हणून. त्याला ‘इन्क्लाइन्ड टु मायग्रेट’ म्हणणे चूक ठरेल, कारण पोटाने ढकललेल्याला कल नसतो. त्याच्या नातवाला मात्र ते विशेषण शोभू शकते. घरी विहिरीला पाणी असूनही त्याला मामाच्या दुकानाची ओढ लागते, तेव्हा ती ओढ त्याची स्वतःची असते. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्स याने हीच रेघ ओढली होती : कारणे माणसाला कलवतात, पण भाग पाडत नाहीत. पुढे १७८५ साली कांट या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने कर्तव्य आणि कल यांना समोरासमोर उभे केले. त्याच्या मते, ज्याला मुळातच दया येते त्याने दया केली, तर त्यात नैतिक किंमत शोधता येत नाही. कल नसताना कर्तव्य म्हणून केलेले काम वेगळे. ही गोष्ट माण-खटावच्या शेतकऱ्याला पाण्यावरून सांगता येईल. उताराने वाहणारी येरळा आपोआप सांगली जिल्ह्यात जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेचे पाणी वर आणायचे तर जिहे-कठापूर किंवा टेंभूसारखी उपसा योजना लागते, पंप लागतात आणि विजेचे बिल येते. कांटला किंमत दिसली ती उपशाच्या पाण्यात. उतारावरच्या पाण्यावर त्याने थोडा अन्यायच केला, कारण शेती त्याही पाण्यावर होते.

शिक्षणाच्या क्षेत्रात ‘कल’ हा शब्द महाराष्ट्रात २०१६पासून घराघरांत पोचला. त्या वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेण्यास सुरुवात केली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचे मन कशाकडे झुकते हे प्रश्नांवरून पाहायचे, असा तिचा हेतू होता. सातारा जिल्ह्यात १९६१पासून सैनिक शाळा आहे आणि अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात; तिथे ‘गणवेशधारी सेवा’ या रकान्यासाठी चाचणीची फार गरज नसावी. चाचणीच्या नावाने एक गैरसमज मात्र पसरला. अनेक पालकांनी निकालातला कल म्हणजे कुवत असे धरले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रात कुवतीसाठी ‘अभिक्षमता’ आणि आवडीसाठी ‘अभिरुची’ असे स्वतंत्र शब्द आहेत; शिक्षक भरतीच्या परीक्षेत तिसरा, ‘अभियोग्यता’, येतो. ‘इन्क्लाइन्ड’ यांपैकी अभिरुचीच्या घरातला. ज्याचा कल आहे त्याला जमेलच असे नाही, आणि ज्याला जमते त्याचा कल असतोच असेही नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवून गणिताकडे पाठ फिरवणारी मुले प्रत्येक शाळेत असतात.

उच्चाराची एक बाब उरते. विशेषणात आणि क्रियापदात जोर दुसऱ्या अवयवावर, ‘क्लाइन’वर पडतो. त्याच अक्षरांचे ‘इन्क्लाइन’ हे नाम झाले की जोर पहिल्यावर येतो आणि अर्थ फक्त चढ किंवा उतार एवढा राहतो. महाराष्ट्रातला त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे १८६३ साली सुरू झालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ‘बोर घाट इन्क्लाइन’. तिथे सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट आहे, आणि बहुतेक गाड्यांना वर चढवायला आजही मागून जादा इंजिने जोडावी लागतात. मनाच्या उताराला मात्र हे नाम चालत नाही. त्यासाठी ‘इन्क्लिनेशन’ वापरतात.